छावणीतले पहिले ४८ तास: बायका-मुलींच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची सोय कशी लावायची

पूर, भूकंप, युद्ध, दंगल, कारण कुठलंही असो. हजारो माणसं घर सोडून एका जागी जमतात, तेव्हा त्यांच्यात दिवस भरलेल्या बायका असतात, चार दिवसांची बाळंतीण असते, पाळी चालू असलेल्या मुली असतात. तरी मदतीचे ट्रक लागतात तेव्हा पाणी, धान्य, ताडपत्री आणि मलमपट्टी आधी उतरते, आणि बायकांचं नंतर बघू असं ठरतं.

मी परिचारिका आहे. पहिल्यांदा मदत छावणीत गेले तेव्हा चौथ्या दिवसापर्यंत आमच्या वहीत जुलाबाचे किती रुग्ण, तापाचे किती, सगळं लिहिलेलं होतं. छावणीत गरोदर बायका किती, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री एक बाई तंबूच्या मागे, मोबाइलच्या उजेडात बाळंत झाली. नाळ कापायला तिथे स्वच्छ ब्लेड नव्हतं. दवाखान्याच्या तंबूत ब्लेडचा अख्खा खोका होता, पण तो कुठे आहे हे तिच्याजवळच्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे बऱ्याच छावण्यांमध्ये काम केलं. हे काम कोणत्या क्रमाने करायचं ते तिथे शिकले, आणि तोच क्रम इथे लिहिते आहे. तुम्ही डॉक्टर असा, आशा कार्यकर्त्यांसारखं गावपातळीवरचं काम केलेलं असो, की नुसते स्वयंसेवक असा, यातला बराचसा भाग तुमच्या हातातला आहे.

आधी एक शब्द ओळखीचा करून घ्या: मिस्प. संकटाच्या सुरुवातीला द्यायच्या किमान प्रजनन आरोग्य सेवांचा हा ठरलेला संच आहे. १९९४च्या कैरो लोकसंख्या परिषदेत निर्वासित बायकांच्या या गरजा ठळकपणे मांडल्या गेल्या, पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मदत संघटनांचा एक संयुक्त गट झाला, आणि त्यांच्या कामातून हा संच तयार झाला. शक्यतो ४८ तासांत तो सुरू व्हावा अशी अपेक्षा असते. मुख्य म्हणजे त्यासाठी आधी पाहणी करावी लागत नाही. ‘अजून सर्व्हे झाला नाही’ असं कुणी म्हणालं, तर हे वाक्य त्यांना शांतपणे सांगा.

१. निघण्याआधी पिशवीत काय हवं

मोठे वैद्यकीय संच संस्थेमार्फत येतात. पण ते येईपर्यंतचे एक-दोन दिवस तुमच्या पिशवीवरच निघतात.

- डोक्याला बांधायचा टॉर्च आणि जादा सेल. हातातला टॉर्च नको. बाळंतपणात दोन्ही हात मोकळे लागतात.
- स्वच्छ प्रसूतीची पाकिटं. प्रत्येकात अंथरायला प्लास्टिक, साबणाची वडी, न वापरलेलं ब्लेड, नाळ बांधायला दोन फिती, हातमोजे, बाळ पुसायला आणि गुंडाळायला कापड, आणि चित्रांतून दिलेल्या सूचना.
- बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि लहान मास्क. वापरता येणारी व्यक्ती पथकात हवीच.
- कुलूप लागेल अशी पत्र्याची पेटी. औषधं आणि नोंदी, दोन्हींसाठी.
- चादरी, दोरी, चाप. आडोसा उभा करायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.
- चार्जिंगची पॉवर बँक आणि कागदाची वही. नेटवर्क जाणार हे गृहीत धरा.
- तुमचं ओळखपत्र, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, संस्थेचं पत्र. नाकाबंदीवर किंवा रुग्णालयाच्या दारात यावाचून तासन्‌तास अडकायला होतं.

२. ‘हे काम कुणाकडे आहे?’ हा पहिला प्रश्न

छावणीत आरोग्याच्या समन्वयाची रोज किंवा दिवसाआड बैठक होते. तिथे जाऊन विचारा: प्रजनन आरोग्याची जबाबदारी कोणत्या संस्थेने घेतली आहे, आणि कोणत्या व्यक्तीने? मिस्पच्या उद्दिष्टांत हे पहिलं आहे, आणि ते पहिलं का, हे दोन संस्थांनी एकाच कोपऱ्यात प्रसूतीचे तंबू ठोकलेले आणि दुसऱ्या टोकाला एकही नसलेला पाहिला की समजतं. कुणीच पुढे आलं नसेल तर बैठकीत तिथल्या तिथे नाव ठरवून घ्या. ‘सगळे मिळून बघू’ हे उत्तर घेऊन उठू नका.

संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी, म्हणजे यूएनएफपीए, प्रजनन आरोग्याचे क्रमांक दिलेले संच पुरवतो. दुसऱ्या क्रमांकात स्वच्छ प्रसूतीची पाकिटं असतात, तिसऱ्यात बलात्कारानंतरच्या उपचारांची औषधं. वस्ती पातळीवरचे संच १०,००० लोकांना तीन महिने पुरतील असे बांधलेले असतात, त्यावरच्या पातळीचे ३०,००० लोकांसाठी आणि मोठ्या रुग्णालयाचे १,५०,००० लोकांसाठी. हे मागवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे सगळे क्रमांक सरसकट मागवणं. शस्त्रक्रियेची खोली आणि सर्जन नसताना मोठ्या रुग्णालयाचा संच आला तर तो पडून राहतो, औषधांची मुदत संपते. आधी कोण काय करू शकतं ते पाहा, मग मागवा.

३. मोजत बसू नका, अंदाज बांधा

घरोघर नोंदणी व्हायला आठवडे जातात. तोवर ढोबळ गणित चालतं. स्थानिक जन्मदर माहीत असेल तर तो घ्या. नसेल तर दर हजारी वर्षाला ४० जन्म धरतात. म्हणजे १०,००० लोकांच्या छावणीत वर्षाला ४००, महिन्याला साधारण ३३ बाळंतपणं, दिवसाला एकाहून थोडी जास्त. त्यांपैकी सुमारे १५ टक्के बायकांना गुंतागुंत होईल असं धरून चाला, म्हणजे महिन्याला पाच जणी. साधारण २५ टक्के लोकसंख्या प्रजननाच्या वयातल्या बायकांची.

हा अंदाज बैठकीत फार कामाला येतो. ‘गरोदर बायकांसाठी काहीतरी करायला हवं’ म्हणण्यापेक्षा ‘आज रात्री या छावणीत एक बाई बाळंत होणार आहे, ती कुठे जाणार?’ असं विचारलं की सगळे फोनमधून मान वर करतात.

४. बाळंतपण आणि रात्रीची गाडी

सातव्या-आठव्या महिन्यानंतरच्या प्रत्येक गरोदर बाईला स्वच्छ प्रसूतीचं एक पाकीट आत्ताच देऊन ठेवा. काही जण अडून बसतात, की पाकीट दिलं तर बायका दवाखान्यात येणार नाहीत. मला हे पटत नाही. पाकीट देताना आपण तिच्याशी बोलतो, दवाखाना कुठे आहे ते दाखवतो, आणि तीच ओळख तिला पुढे आणते. रस्ताच बंद झाला तर निदान ब्लेड तरी नवं असेल.

पाकीट देताना धोक्याची लक्षणं तिला सांगा, आणि तिच्या नवऱ्याला, सासूला किंवा शेजारणीलाही सांगा, कारण त्या वेळी निर्णय तेच घेणार आहेत:

- बाळंतपणाआधी अंगावरून रक्त जाणं
- डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके
- पाणी जाऊन बराच वेळ झाला पण कळा नाहीत
- कळा सुरू होऊन १२ तास उलटले
- ताप, थंडी वाजणं
- बाळाची हालचाल कमी होणं
- बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, किंवा अर्ध्या तासात वार पडत नाही

छावणीतल्या अनुभवी सुइणींना पहिल्याच दिवशी शोधा. बायका आधी त्यांच्याकडेच जातात. त्यांना बाजूला सारलंत तर तुमच्यापर्यंत बातमी येणार नाही. त्यांच्या हातात फोन द्या, धोक्याची लक्षणं सांगा, आणि बाईला घेऊन येताना त्यांनाही सोबत आत येऊ द्या.

दवाखान्यात २४ तास प्रशिक्षित माणूस, रक्तस्राव थांबवायची औषधं, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, शिरेतून द्यायची प्रतिजैविकं आणि बाळाला श्वास द्यायची सोय लागते. रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनबाबत सावध राहा. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. तापलेल्या तंबूत ठेवलेलं इंजेक्शन दिसायला तसंच दिसतं, पण त्याची ताकद गेलेली असते. शीतपेटीची खात्री नसेल तर उष्णतेत टिकणारं मिसोप्रोस्टॉल जवळ असू द्या, आणि ते कधी, किती द्यायचं हे पथकातल्या प्रत्येकीला पाठ असू द्या. बाळ जन्मल्यावर आधी पुसा, आईच्या छातीवर उघडं ठेवून वरून पांघरूण घाला, पहिल्या तासात अंगावर पाजू द्या. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यावा लागतो, म्हणून पिशवी आणि मास्क खोक्यात न ठेवता टेबलावर काढून ठेवा.

शस्त्रक्रिया आणि रक्त मिळेल असं रुग्णालय कोणतं, आणि तिथे रात्री दोन वाजता कशानं जायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एका छावणीत आमच्याकडे गाडी होती, चालक होता, रुग्णालयाशी बोलणं झालं होतं. रात्री एका बाईचं रक्त थांबेना. चालकाला उठवलं, बाईला गाडीत ठेवलं आणि मग कळलं की टाकीत डिझेल नाही, पंप सकाळी उघडतो. दुसऱ्या एका पथकाने आपली गाडी दिली आणि ती वाचली. पण ती चाळीस मिनिटं मी घड्याळाकडे बघत तिच्या पोटावरून गर्भाशय चोळत बसले होते. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी स्वतः या गोष्टी बघते:

- टाकी अर्ध्याच्या वर भरलेली आहे
- आजचा चालक कोण, तो कुठे झोपतो, फोन चार्ज आहे का
- दुसरी गाडी कुणाची
- नाकाबंदी किंवा संचारबंदी असेल तर रात्रीचा पास
- रुग्णालयात रात्री कोण असतं, त्यांचा थेट नंबर
- सोबत कोण जाणार, आणि तिची बाकीची मुलं कुणाजवळ राहणार

शेवटचा मुद्दा वाचताना किरकोळ वाटेल. बायका गाडीत बसायला नकार देतात त्याचं कारण बऱ्याचदा तंबूत झोपलेली दोन लेकरं असतात.

एक सापळा: देणगीत येणारी दुधाची पावडर. ती सरसकट वाटू देऊ नका. स्वच्छ पाणी आणि उकळायची सोय नसताना ती बाळाला जुलाब देते, आणि आईचं दूधही कमी होतं. जिचं बाळ खरोखरच वरच्या दुधावर आहे, तिला वेगळं बसवून, भांडी-पाण्यासकट मदत द्या.

५. संडास, वाट, कडी आणि उजेड

छावणीत बायका-मुलींवर हल्ले होतात ते बहुतेक वेळा रोजच्या कामांच्या जागी: संडासाच्या वाटेवर, पाण्याच्या नळावर, सरपण आणायला जाताना. यातलं बरंच काही आखणीतच टाळता येतं. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांत आकडे दिलेले आहेत: सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास, लवकरात लवकर २० माणसांमागे एक, पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. हे आकडे पाठ करून ठेवा, अभियंत्याशी बोलताना उपयोगी पडतात.

पण आकडे पूर्ण करूनही काम फसतं. एका छावणीत संडास पुरेसे होते, बायका-पुरुषांचे वेगळे होते, पाटीही होती. मी दुपारी तिथे उभी राहिले तेव्हा दिसलं की प्रत्येक दारापाशी एक मुलगी बाहेरून दार ओढून धरून उभी आहे. आत आई, बाहेर मुलगी. मग मुलगी आत, आई बाहेर. आतून कडीच नव्हती. रात्री सोबत मिळाली नाही तर बायका जातच नव्हत्या, आणि जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हत्या. लघवीच्या जळजळीच्या इतक्या तक्रारी का येत आहेत, हे आम्हाला आठवडाभर कळलं नव्हतं. सुताराने एका दुपारत सगळ्या दारांना कड्या बसवल्या.

उजेडाचंही तसंच. फक्त संडासावर दिवा लावला की तिथे कोण जातंय हे लांबून दिसतं आणि वाट मात्र काळोखातच राहते. कधीकधी त्या एकाच दिव्याखाली पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात आणि बायका तिकडे फिरकेनाशा होतात. म्हणून दिवा कुठे लावायचा हे बायकांना बरोबर घेऊन चालत ठरवा, तेही अंधार पडल्यावर. चार-पाच जणी पुरतात: एक म्हातारी, एक शाळकरी मुलगी, एक लेकुरवाळी, आणि चालायला किंवा बघायला त्रास असलेली एक. सभेत त्या बोलणार नाहीत. चालताना ‘इथे मी पळतच जाते’ असं सहज बोलून जातात, आणि दिवा तिथेच लागतो.

तंबूवाटपात एकट्या बायका, आई-वडील नसलेल्या मुली आणि बाई कर्ती असलेली कुटुंबं कुठे राहणार हे विचारा. त्यांना एकत्र ठेवावं, पण छावणीच्या कडेला नको, आणि ‘एकट्या बायकांचा विभाग’ अशी पाटी तर नकोच नको.

६. अत्याचार झालेली बाई किंवा मुलगी तुमच्यासमोर आली तर

हा भाग दोनदा वाचा.

पहिली गोष्ट: अत्याचार झालेल्या बायका शोधायला निघू नका. तंबूतंबूत जाऊन विचारणं, यादी करणं, ‘किती केसेस’ म्हणून आकडा गोळा करणं, यातून बाई उघडी पडते आणि तिच्या जिवावरही बेतू शकतं. प्रत्येक संकटात असे अत्याचार होत आहेत असं धरूनच चालायचं, पुरावा मागायचा नाही, आणि उपचारांचं दार पहिल्या दिवसापासून उघडं ठेवायचं. दार मात्र साध्या दवाखान्याचंच असू द्या. वेगळा तंबू उभारला की त्यात जाणारीकडे सगळी छावणी बघते. ‘कुणी जबरदस्ती केली असेल तर लवकर या, औषधं आहेत, कुणाला कळणार नाही, पैसे लागत नाहीत’ एवढं बायकांपर्यंत पोचवा: सुइणींकडून, पाण्याच्या रांगेत, लसीकरणाच्या वेळी.

घड्याळ इथे महत्त्वाचं आहे:

- एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी. ती २८ दिवस घ्यायची असतात.
- नको असलेली गर्भधारणा टाळायची गोळी १२० तासांपर्यंत देता येते. तीही लवकर दिली तर जास्त गुणकारी. त्यासाठी आधी गर्भचाचणी लागत नाही.
- लैंगिक संसर्गांवरची प्रतिजैविकं, हिपॅटायटिस बीची लस, जखमा असतील तर त्यांचा उपचार आणि धनुर्वाताची लस.

मुदत उलटून गेली म्हणून कुणाला परत पाठवू नका. संसर्ग, जखमा, दिवस गेले असतील तर त्याची काळजी, आणि मनावरचा घाव, हे सगळं उरलेलंच असतं. मुलगे आणि पुरुषही येतात. त्यांच्यासाठीही दार हेच.

ती बोलू लागली की काय करायचं? बाजूला, पडद्याआड घेऊन बसा. तिला कुणी सोबत हवं का, ते तिलाच विचारा. सोबत आलेल्या माणसाला विचारू नका, तो कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं. ती सांगायला लागण्याआधीच सांगा की तुम्ही कोणती गोष्ट गुप्त ठेवू शकता आणि कोणती नाही. काही देशांत आरोग्य कर्मचाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं, विशेषतः मूल असेल तर. हा नियम छावणीत पाऊल ठेवायच्या आधी माहीत करून घ्या. सगळं ऐकून घेतल्यावर ‘आता मला कळवावं लागेल’ म्हणणं हा तिच्या विश्वासाचा घात आहे.

मग ऐका. मधे तोडू नका. ‘तू तिथे गेलीसच कशाला’, ‘ओरडली का नाहीस’ असले प्रश्न तोंडातून निघूच देऊ नका. ‘झालं यात तुझा दोष नाही’ आणि ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ ही दोन वाक्यं मी जवळजवळ प्रत्येक वेळी म्हणते. तपशील उपचाराला लागतील तेवढेच विचारा. प्रत्येक तपासणीआधी काय करणार आहात ते सांगा, हो म्हणाली तरच करा, आणि मधेच थांब म्हणाली तर थांबा. तपासणी नको म्हणाली तरी औषधं द्या. उपचारासाठी पोलिसात तक्रार असलीच पाहिजे अशी अट घालू नका. तक्रार करायची की नाही, तो तिचा निर्णय.

दोन बोटांची चाचणी, म्हणजे कौमार्य ‘तपासायला’ योनीत बोटं घालून बघणं, कधीही, कुणीही सांगितली तरी करू नका. तिला वैद्यकीय आधार नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी ‘कौमार्य तपासणी’ बंद करण्याचं आवाहन केलेलं आहे.

नव्या माणसांच्या हातून होणाऱ्या आणखी तीन चुका. एक, वडीलधाऱ्यांना बसवून समेट घडवणं, आणि मुलगी असेल तर त्याच माणसाशी लग्न लावून देण्याच्या बोलण्याला मान डोलावणं. दोन, ‘मी तुला न्याय मिळवून देईन’ असं वचन देणं. जे तुमच्या हातात नाही ते बोलू नका. तीन, फोटो. पाठमोरा, चेहरा झाकलेला, सावलीतला, कसलाही नको. छावणीत पायातली चप्पलसुद्धा ओळखू येते.

७. मदतीच्या बदल्यात कुणी काही मागत असेल तर

हे लिहिताना हात जड होतो, पण टाळता येत नाही. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांबद्दल अहवाल आला: मदत वाटणारीच काही माणसं धान्य आणि ताडपत्रीच्या बदल्यात मुलींकडून शरीर मागत होती. त्यानंतर मदत संस्थांनी सहा मूळ नियम केले, आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी तसा आदेश काढला. पैसा, काम, वस्तू किंवा सेवेच्या बदल्यात लैंगिक संबंध बंद. १८ वर्षांखालच्या कुणाशीही संबंध बंद, स्थानिक कायदा काहीही म्हणो, आणि ‘मला वय माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. सहकाऱ्याबद्दल संशय आला तरी कळवणं हे तुमचं कर्तव्य.

तुम्ही करायचं ते इतकं: वाटपाच्या जागी मोठ्या अक्षरांत आणि चित्रात लिहा, की ही मदत मोफत आहे, तिच्या बदल्यात कुणीही काहीही मागू शकत नाही, आणि मागितलं तर इथे सांगा. ‘इथे’ म्हणजे खरी व्यक्ती हवी, शक्यतो बाई, आणि वाटपाच्या पथकाबाहेरची. तक्रारपेटी एकटीच टांगू नका, लिहिता न येणाऱ्या बाईला ती निरुपयोगी आहे. वाटपाच्या रांगेत बायका असू द्या आणि वाटणाऱ्यांतही असू द्या. वाटप अंधार पडायच्या बरंच आधी संपवा, म्हणजे ओझं घेऊन परतणारी एकटी सापडत नाही.

८. पाळीचं सामान

वाटायच्या आधी विचारा. कुठे बायका पॅड वापरतात, कुठे कापड. पॅड दिले पण फेकायची सोय नसली की संडास तुंबतात. कापड दिलं पण वाळत घालायला आडोसा नसला की ते ओलंच वापरलं जातं, आणि खाज-संसर्ग होतात. म्हणून पॅड किंवा कापडासोबत अंतर्वस्त्रं, साबण, झाकणाची बादली, दोरी आणि चाप द्या. मापं मुलींना आणि बायकांना वेगवेगळी. पाकिटात शिट्टी आणि छोटा टॉर्च घालतात तो यासाठीच, रात्रीच्या वाटेसाठी. वाटताना पुरुष स्वयंसेवक पुढे नकोत, आणि पाकीट बंद, रंगीत कागदातलं असू द्या.

पहिली पाळी छावणीतच येणाऱ्या मुली असतात. त्यांच्यासाठी एक दुपार बाजूला काढा, मोठ्या बायकांशिवाय.

९. गर्भनिरोधन आणि चालू असलेली औषधं

हे थोडक्यात. घर सोडताना गोळ्यांची पाकिटं घरीच राहतात. बाईला तिची नेहमीची पद्धत लगेच मिळाली पाहिजे: गोळ्या, इंजेक्शन, तांबी, दंडात बसवायचं इम्प्लांट, कंडोम. बसवायची सोय तशीच काढायचीही सोय हवी. सक्ती नको आणि नवऱ्याच्या परवानगीची अटही नको. कंडोम संडासाजवळ, दवाखान्यात, न विचारता उचलता येतील असे ठेवा. एचआयव्हीची औषधं आधीपासून घेणाऱ्यांची मात्रा चुकू देऊ नका, गरोदर असेल तर मुळीच नाही. रक्त द्यायची वेळ आली तर ते तपासलेलंच असलं पाहिजे.

गर्भपात होऊन किंवा करवून घेऊन रक्तस्रावात आलेल्या बाईला आधी उपचार, चौकशी नंतरही नको. सुरक्षित गर्भपाताची सेवा त्या देशाचा कायदा जिथपर्यंत देतो तिथपर्यंत मिळाली पाहिजे, म्हणून तो कायदा नीट वाचलेला असू द्या. ऐकीव माहितीवर बाईला नाही म्हणून पाठवलेलं मी पाहिलं आहे, आणि कायद्यात तर परवानगी होती.

१०. नोंदी

- बाळंतपणाची वही: तारीख, वेळ, बाळाचं वजन, आई-बाळाची स्थिती, कुठे पाठवलं. जन्माचा दाखला पुढे यावरूनच मिळतो, म्हणून आईला त्याच दिवशी सही-शिक्क्याची चिठ्ठी द्या.
- अत्याचाराच्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये. वर नावाऐवजी क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी दुसऱ्या कुलपात.
- बैठकीत बेरीज सांगायची. छावणी लहान असेल तर बेरीजही सांगू नका. ‘या आठवड्यात १’ म्हटलं की ती कोण हे लोक शोधतात.
- कागद घरी नेणं सुरक्षित आहे का, हे प्रत्येक बाईला विचारा. नको म्हणाली तर तिची प्रत आपल्या पेटीत ठेवा.
- छावणी अचानक हलवावी लागली तर कोणती फाइल कोण उचलणार किंवा नष्ट करणार, ते आधीच ठरवा.

११. पुढचे तीन महिने

पहिल्या आठवड्याची धावपळ ओसरली की नियमित सेवांकडे वळायचं, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपणानंतरच्या भेटी, लसीकरण, समुपदेशन. तीन महिन्यांत, जमलं तर त्याआधीच, किमान संचावरून संपूर्ण सेवांवर जाता यावं अशी आखणी करतात. त्यासाठी औषधांचा खप लिहून ठेवा, म्हणजे पुढची मागणी अंदाजाऐवजी खपावरून करता येईल. छावणीतल्याच बायकांना कामावर घ्या आणि शिकवा, कारण बाहेरची पथकं जाणार असतात.

तुमची कामाची मुदत संपून दुसरी परिचारिका येईल तेव्हा तिला दवाखाना दाखवून निघून जाऊ नका. एक पूर्ण रात्र तिच्याबरोबर राहा. संडासापर्यंत चालत न्या. सुइणींची गाठ घालून द्या. चालक कुठे झोपतो ते दाखवा, आणि त्याच्या गाडीत बसून डिझेलचा काटा तिलाच बघायला सांगा.